तीनशे बारा ग्रॅम

तीनशे बारा ग्रॅम.
रविवारचं वजन. वहीत आहे, माझ्याच अक्षरात,
पुढे बारीकशी बरोबरची खूण.
मंगळवारी पहाटे रात्रपाळीहून आले
तर खारीक झोळीत कलंडलेली,
एक पाय झोळीबाहेर,
जणू उतरता उतरता काहीतरी आठवलं.

सात महिन्यांची.
शिंक नाही, धाप नाही, नाकाशी तो तांबूस डागही नाही.
आदल्या संध्याकाळी बाहीतून वर येऊन
तिने माझ्या कानाची पाळी हुंगली,
आणि मी म्हटलं, हो बाजूला, बस चुकेल माझी.
शेवटचं वाक्य म्हणून
मी हे निवडलं नसतं.

डन्डीत जानेवारीत साडेआठनंतर उजाडतं.
तोवर मी ओट्यापाशी उभी,
रुमालात ती, दिवा न लावता.
आणि सुपारी, तिची बहीण,
गजांना नाक लावून माझे हात हुंगत होती.
मग खाली, मग वर, मग झोळीत,
झोळीतून परत खाली.
शेवटी रुमाल आत ठेवला.
तिने बहिणीचे कान साफ केले, दोन्ही,
नेहमीसारखे, जरा दांडगाईनेच.
थोडं थांबली.
मग मिशा पुसून पाणी प्यायला गेली.

हृदय असेल, फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एवढ्याशा जिवांचं होतं असं कधी कधी.
चिरून बघायचं का?
रात्रीतून चारशे नळ्या मी यंत्राला लावते,
कारणं शोधण्याचाच पगार घेते.
नको म्हटलं.

इचलकरंजीला फोन लावला.
उंदीर? आई म्हणाली. उंदीर मेला म्हणून रजा टाकलीस?
मागे कुकरची शिट्टी.
आमच्या घरात उंदराला दोनच शब्द जोडून यायचे,
सापळा आणि गोळी.
मी गप्प. तीही गप्प.
मग म्हणाली, तुझे बाबा सापळा घेऊन ओढ्यावर जायचे बघ,
बुडवून येतो म्हणून.
एकदा मी मागोमाग गेले होते.
पलीकडे जाऊन दार उघडत होते,
वर त्याला सांगत होते, फिरून येऊ नको बाबा, माझी पंचाईत होते.
मी कधी बोलले नाही त्यांना.
जरा थांबून: डब्यात मऊ काहीतरी घाल,
आणि फोन ठेवला.

डबा तळमजल्यावरच्या इशबेलबाईंनी दिला,
बिस्किटांचा, झाकणावर हरीण.
गेली होय? एवढंच म्हणाल्या.
त्यांच्याकडेही गेली असंच म्हणतात,
कुठे ते सांगत नाहीत.
मागच्या सामाईक अंगणात, कपडे वाळवायच्या खांबापाशी,
माती दगडासारखी. फावडं नुसतं वाजत होतं.
बाई स्लिपर फरफटत आत गेल्या,
किटलीभर उकळतं पाणी आणून ओतलं.
जमिनीतून वाफ आली.
दोन किटल्या लागल्या.
तिसरी त्यांनी चहाला ठेवली.

शनिवारी पिंजरा घासायला काढला.
झोळीखालच्या कोपऱ्यात, कागदाच्या कपट्यांआड,
खारकेचा साठा:
सुरकुतलेले अकरा वाटाणे,
पास्त्याचं एक टोक, सूर्यफुलाच्या बिया,
माझ्या हरवलेल्या मोज्याची टाच.
कसली बेगमी करत होती ही?
भरलेली वाटी रोज समोर असताना
कोणत्या दुष्काळाचं ऐकलं होतं हिने?

घासून झाल्यावर सगळं परत तसंच लावलं,
टाचसुद्धा.
दोन दिवस सुपारी त्या बाजूला फिरकली नाही.
आज पहाटे आले तर दहा होते.

वहीचं पान उलटलं. काट्यावर तिला बसवलं,
ती बसेना, शेपूट ओट्यावर टेकून
आकडा खोटा करत राहिली.
दोनशे शहाण्णव, लिहिलं मी,
मग खोडलं,
मग शेपूट उचलून धरून परत बघितलं.